विडिकमची लांब घरं : नोंदी खालच्या टोकाकडून

४ मार्च २०२४

क्षेत्र: विडिकम-इन-द-मूर पॅरिश (एका चर्चभोवतीच्या गाव-वाड्यांचा स्थानिक विभाग), डार्टमूरचं पठार, डेव्हन, नैऋत्य इंग्लंड. मधोमध ईस्ट वेबर्न नदीचं खोरं, पश्चिमेला हॅमलडाऊनची लांबलचक पाठ, पूर्वेला बोनहिल, चिंकवेल, हनीबॅग हे ग्रॅनाइटचे खडकाळ माथे. वस्ती विरळ. चर्चजवळ थोडी घरं आणि बाकीची शेतघरं खोऱ्याच्या दोन्ही अंगांना, उताराच्या मध्यावर, वाऱ्यापासून जरा आडोशाला.

काम: पॅरिशमधल्या जुन्या शेतघरांचे मोजून काढलेले नकाशे, छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रं), फोटो आणि वर्णन. गावातले हौशी अभ्यासक आणि आम्ही दोन-तीन वास्तुरचनाकार मिळून ते करणार आहोत. तयार झालेली कागदपत्रं राष्ट्रीय उद्यानाच्या इतिहास नोंदवहीत जमा होतील. ही राहती घरं आहेत, म्हणून इथे त्यांना घर अ, घर ब अशीच नावं. सार्वजनिक वास्तूंची तेवढी खरी नावं लिहीन.

यातली बहुतेक घरं संरक्षित इमारतींच्या यादीत आधीपासून आहेत. मग पुन्हा मोजणी कशाला, असं कालच्या बैठकीत एकानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. १९८० च्या ऑगस्टमध्ये लंडनची फायरस्टोन फॅक्टरी संरक्षण मिळण्याच्या तोंडावर, सुट्टीच्या दिवसांत पाडली गेली. त्या धक्क्यानंतर इंग्लंडभर पॅरिशवार झपाट्यानं फेरपाहणी झाली आणि ग्रामीण घरं हजारोंनी यादीत आली. त्या पाहणीनं फार मोठं काम केलं. पण पाहणाऱ्यांच्या हातात वेळ थोडा होता, कित्येक घरांत आत जाताच आलं नाही. आज ती वर्णनं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. चुलाणं, तुळया, खिडक्यांच्या दगडी चौकटी यांवर चार-चार ओळी, आणि घराच्या खालच्या टोकाला जिथे गुरं बांधत, त्यावर जेमतेम अर्धं वाक्य.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे: प्रत्येक घराची मोजणी खालच्या टोकापासून सुरू करायची.

१३ मार्च

घर अ, पहिली फेरी.

डार्टमूरचं लांब घर म्हणजे एकच लांबट, बुटकी, ग्रॅनाइटची इमारत, उताराला आडवी नाही तर उताराच्या दिशेनं बसवलेली. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं. दोहोंच्या मधून आरपार जाणारा आडवा बोळ, त्याला समोरासमोर दोन दारं. मूळ रचनेत माणसं आणि जनावरं याच दारानं आत येत. माणसं वर वळत, गुरं खाली. बोळाच्या वर मोठी खोली, म्हणजे हॉल, जिच्या मध्यभागी जमिनीवर उघडं चुलाणं असे. धुराडं नव्हतं, धूर छपरातून झिरपत बाहेर जाई. हॉलच्याही वर एक छोटी आतली खोली. आणि बोळाच्या खाली शिपन, म्हणजे इथला गोठा.

उतारावर घर बसवण्याचं कारण खालच्या टोकाला उभं राहिलं की लगेच कळतं. शिपनच्या मधोमध दगडी फरसबंदीत कोरलेला चर आहे. गुरं दोन्ही लांब भिंतींकडे तोंड करून बांधलेली, शेपट्या मध्याकडे, म्हणजे शेणमूत थेट चरात. चर उताराला धरून खालच्या भिंतीपर्यंत जातो आणि भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेल्या भोकातून बाहेर, खाली शेताच्या वाटेला. घराला दिलेल्या उतारानं सगळी घाण माणसांपासून लांब नेली.

घर अ मध्ये हा चर जागेवर आहे. रुंदी हाताच्या वितीहून थोडी जास्त, तळ झिजून गुळगुळीत. गव्हाणीचे उभे दगडही दोन्ही बाजूंना आहेत आणि त्यांत दावणीचे खांब बसवण्याची भोकं. एका बाजूचे ओकचे खांब अजून उभे. बाकीच्या शिपनमध्ये जळाऊ लाकूड आणि जुनी अवजारं भरली आहेत, त्यामुळे वरच्या कोपऱ्यातलं माप अर्धवट राहिलं. मालकीणबाईंनी पुढच्या खेपेपर्यंत लाकूड हलवून ठेवते म्हटलंय.

पाटण खोऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात ओटीच्या शेजारी, त्याच छपराखाली गोठा होता. धुवांधार पावसात रात्री गाभण गाईकडे जायला कुणाला बाहेर पडावं लागत नसे. इथल्या पठारावर प्रिन्सटाउनला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस होतो, वर महिनोन्‌महिने धुकं आणि बोचरा वारा. ज्याची सगळी मिळकत चार-आठ जनावरं, त्यानं ती हाताच्या अंतरावर ठेवली यात दारिद्र्याचं काही नाही. पुस्तकांत मात्र हा सूर अजून भेटतो, की बिचारे गुरांसोबत राहत. ही घरं बांधणारे बरे खाऊन-पिऊन सुखी शेतकरी होते. एवढा ग्रॅनाइट रचणं आणि एवढा ओक उभा करणं गरिबाला झेपणारं नव्हतं.

१९ मार्च

दिवसभर पाऊस. घर अ च्या नकाशाचं टेबलावरचं काम, प्रमाण १:५०. खालची भिंत वरच्या भिंतीपेक्षा जाड निघाली.

६ एप्रिल

आज मोजणी नाही, उत्खनन झालेल्या वस्त्या पाहिल्या. उभ्या घरांच्या आधीची पिढी जमिनीत आहे, ती पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

हाऊंड टॉरच्या खालचं मध्ययुगीन खेडं शेजारच्या मॅनाटन पॅरिशमध्ये येतं. १९६० च्या दशकात श्रीमती मिंटर यांनी ते खणून काढलं. ढोपराएवढ्या उंचीच्या भिंती गवतात उभ्या आहेत आणि आराखडा हातानं दाखवता येतो: दोन समोरासमोरची दारं, वर चुलीची जागा, खाली चर. धान्य वाळवायच्या भट्ट्यांच्या इमारतीही आहेत. या हवेत ओट शेतात पुरता वाळत नसे, तो भट्टीवर वाळवावा लागे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पंधराव्याच्या सुरुवातीस केव्हातरी वस्ती उठली. हवा बिघडली, प्लेगनं माणसं कमी झाली, खाली चांगली जमीन मोकळी झाली. यातलं नेमकं कुठलं कारण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मला तिन्ही एकत्र असणंच पटतं.

विडिकम पॅरिशमध्ये अशा दोन जागा आहेत, हटहोल्स आणि डिना क्लार्क्स. डिना क्लार्क्सचं घर जळालं आणि लोक परतलेच नाहीत. भांडी चुलीपाशी तशीच राहिली, आणि तिथे तिसऱ्या हेन्रीच्या काळातला एक पेनी सापडला. म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यानंतर केव्हातरी ते घर संपलं. या घरालाही खालच्या टोकाला गोठा होता. आराखडा तेव्हाच पक्का ठरलेला होता आणि पुढे चारशे वर्षं तो कुणाला बदलावासा वाटला नाही.

२२ एप्रिल

घर ब. आज फक्त दगड.

इथल्या जुन्या भिंतींतला ग्रॅनाइट खाणीतला नाही. डोंगरउतारावर सुटे पडलेले धोंडे गोळा करून, फोडून वापरलेला आहे. फोडण्याच्या खुणांवरून काळाचा अंदाज बांधता येतो, आणि हे तंत्र मला या कामातलं सगळ्यांत आवडतं. साधारण १८०० पर्यंत पाथरवट दगडात लांबट खाचा ओळीनं खोदत आणि त्यांत लोखंडी पाचरा ठोकत. त्यानंतर हातानं फिरवायच्या पहारीनं गोल भोकं पाडून त्यांत दोन पट्ट्या आणि मधे पाचर घालण्याची पद्धत आली. त्यामुळे दगडाच्या कडेला लांबट खाचांची रांग दिसली तर तो जुना, अर्धगोल नळ्यांची रांग दिसली तर एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा.

घर ब मध्ये शिपनला बाहेरून थेट उघडणारं वेगळं दार आहे. मालकांच्या घरात समज असा की ते मूळचंच. दाराच्या एका बाजूच्या तीन दगडांवर अर्धगोल नळ्या स्पष्ट दिसतात. म्हणजे गुरांना स्वतःचं दार मिळालं ते १८०० नंतर. त्याआधी तीही बोळातूनच येत-जात. बोळाच्या खालच्या भिंतीत बुजवलेली चौकट शोधली आणि मिळाली. गिलाव्याखाली उभी भेग होती, आणि आडव्या पट्टीचा दगड वर अजून तसाच आहे.

दगड फोडणाऱ्याचं नाव कुठे नसतं, पण त्याच्या हातानं तारीख लिहून ठेवली.

दरजांची तक्रार नोंदवतो. उत्तरेच्या भिंतीच्या दरजा केव्हातरी सिमेंटनं भरल्या आहेत. ग्रॅनाइट पाणी पीत नाही, त्यामुळे भिंतीतलं सगळं पाणी दरजांतूनच आत येतं आणि दरजांतूनच बाहेर जायला हवं. मूळचा मातीचा किंवा चुन्याचा गारा ते होऊ देतो. सिमेंटला बारीक भेगा पडतात, वाऱ्यासोबत पाऊस आत शिरतो आणि परतीची वाट बंद होते. आत, तुळईचं टोक भिंतीत जिथे बसलं आहे तिथे बोटानं ओक चुरला.

१५ मे

हायर अपाकॉट, पाउंड्सगेट.

हे घर राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणानं १९७९ मध्ये विकत घेतलं. संरक्षणाचा सर्वोच्च, पहिला दर्जा. मूळ बांधणी चौदाव्या शतकातली मानतात. याचं शिपन बदललं गेलेलं नाही. डार्टमूरवर अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, म्हणून घर अ मोजून झाल्यावर तुलनेसाठी इथे येणं आवश्यक होतं.

आत गेल्यावर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. भिंतींत उजेडासाठी फक्त अरुंद फटी. अंधार हा इथे दोष नाही, तो बांधणीचा भाग आहे: थंडीत ऊब धरायची तर उघडी जागा कमीत कमी ठेवायची. वर गवताचा माळा, ज्याला इथे टॅलेट म्हणतात. चारा वरून खाली पडे, शेण चरातून खाली वाही, आणि गुरांच्या अंगाची थोडीफार ऊब बोळापर्यंत येई. एका छपराखाली अन्न, खत आणि उष्णता यांची ये-जा चालू होती.

यादीत ज्या घरांचं शिपन आता दिवाणखाना झालंय, त्या घरांत मी गेलो आहे. चांगली घरं आहेत, प्रेमानं राखलेली. पण तिथे उभं राहून हे घर असं लांब का, उतारावर का, दोन दारं समोरासमोर का, याचं उत्तर मिळत नाही. अपाकॉटच्या शिपनमध्ये ते न विचारता मिळतं.

३० मे

घर क च्या छपरात वटवाघळं. तपासणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी विष्ठा पाहून सांगितलं की ही पिल्लांची वसाहत असावी. कायद्यानं वटवाघळांना आणि त्यांच्या विश्रांतीच्या जागांना संरक्षण आहे, उन्हाळ्यात त्यांना त्रास देता येत नाही. छपराचं काम ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललं.

१८ जून

घर अ च्या शेजारच्या शेतावरचे वयस्क शेतकरी आले होते. त्यांच्या लहानपणी घर अ चं शिपन चालू होतं. हिवाळ्यात गाई आत, सकाळी चर झाडूनं आणि बादलीभर पाण्यानं साफ करायचा, शेण खालच्या खिडकीतून फावड्यानं बाहेर लोटायचं. प्रत्येक गाईची जागा ठरलेली, आणि दार उघडलं की ती आपणहून आपल्या खांबापाशी जाऊन उभी राहायची.

“मग बंद का झालं?” मी विचारलं.

“गाई मोठ्या झाल्या,” ते म्हणाले. “दोन खांबांमध्ये मावेनात. ट्रॅक्टर आला तो दारातून जाईना. मग लोखंडी शेड उभी राहिली.”

त्यांच्या बोलण्यात हळहळ नव्हती. काम सोपं झालं, हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते खरंच आहे. त्यांनी दाखवलं म्हणून वरच्या कोपऱ्यातल्या एका खांबावर लाकडात कोरलेलं वर्तुळ दिसलं, आत सहा पाकळ्या, कंपासनं काढलेल्या. इंग्लंडभर जुन्या घरांच्या चुलाण्यांवर, दारांवर अशा खुणा सापडतात, दृष्ट आणि दुष्ट शक्ती बाहेर ठेवण्यासाठी. २०१६ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंडनं (जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचं काम पाहणारी सरकारी संस्था) लोकांना अशा खुणा शोधून कळवायचं आवाहन केलं होतं. इथे ती गुरांच्या खांबावर आहे. कोपऱ्यातलं लाकूड हललं नसतं तर ती कधी नोंदली गेलीच नसती.

फोटो तिरप्या उजेडात पुन्हा घ्यायचा.

९ जुलै

घर ब चा वरचा भाग आणि वाचन.

एक्सेटरमध्ये जन्मलेले इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये मांडलं की १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडची मोठी पुनर्बांधणी झाली: हॉलवर माळे चढले, धुराडी आली, जिने आले, काचेच्या खिडक्या आल्या. पुढे १९७७ मध्ये रॉबर्ट मेचिन यांनी दाखवलं की हा काळ इतका एकजिनसी नव्हता, प्रदेशाप्रदेशानुसार मागे-पुढे झाला. घर ब दोघांनाही साक्ष देतं. धुराडं आणि हॉलवरचा माळा एकाच वेळचा नाही. धुराडं आधी आलं, बोळाला पाठ लावून. माळ्याची तुळई नंतर, कारण ती धुराड्याच्या दगडात कोरून बसवली आहे. त्या दोहोंमध्ये एक पिढी तरी गेली असेल.

ओकच्या वलयांवरून नेमकं वर्ष काढता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यासाठी लाकडात निदान पन्नासेक वलयं लागतात, आणि इथला ओक भराभर वाढलेला, जाड तुळईतही वलयं कमी. नमुना घेण्याचा खर्च सध्या करत नाही.

घर ब चं शिपन काही दशकांपूर्वी स्वयंपाकघर झालं. चर काँक्रीटखाली गेला. त्या काँक्रीटखाली ओलाव्याला अडवणारा प्लॅस्टिकचा थर आहे. जमिनीतला ओलावा वर येऊ शकत नाही म्हणून तो बाजूला, भिंतींत चढतो, आणि दीड हात उंचीपर्यंत गिलावा फुगला आहे. शिवाय ग्रॅनाइटच्या प्रदेशात जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो, आणि डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये त्याचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या जागा आहेत. वारा खेळणाऱ्या जुन्या शिपनमध्ये तो साचत नव्हता. घट्ट बंद केलेल्या खोलीत साचतो. मालकांनी पंखा बसवून घेतला आहे आणि मोजमाप आता धोक्याच्या पातळीखाली आहे.

६ ऑगस्ट

आवारातल्या छोट्या इमारती. दोन लिनी (पुढून उघडी, दुमजली गुरांची शेड, वर गवत) आणि एक राखघर.

राखघरासाठी अख्खा दिवस दिला आणि तो कमी पडला. घरापासून जरा लांब, गोलाकार, ग्रॅनाइटचं, डोक्याएवढ्या उंचीचं. दगडांचे थर आत सरकवत आणून छप्पर मिटवलेलं. वर राख टाकायचं भोक, खाली काढायचं. छपरं गवताची, म्हणून चुलीतली गरम राख घराजवळ ठेवणं म्हणजे आग आमंत्रित करणं. आणि राख फेकूनही द्यायची नव्हती, कारण इथली जमीन आम्ल, राख तिला खत. डार्टमूरच्या पूर्वेकडच्या थोड्या पॅरिशमध्येच अशी राखघरं आहेत. हे एक तर यादीतल्या वर्णनात नावालाही नाही. वरच्या दगडांत आयव्हीची मुळं शिरली आहेत. वेल ओढून काढायची नाही, बुडाशी कापून जागेवर वाळू द्यायची, असं मालकांना लिहून दिलं.

१० सप्टेंबर

जत्रा. दर सप्टेंबरचा दुसरा मंगळवार. रस्ते बंद, मोजणी अशक्य. सकाळी लवकर चर्च हाऊस पाहून घेतलं: सोळाव्या शतकातली, पुढे ग्रॅनाइटच्या खांबांचा ओटा असलेली इमारत, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. पॅरिशचे लोक इथे बिअर गाळून, मेजवान्या करून चर्चसाठी पैसे उभे करत. पुढे ती गरिबांच्या निवाऱ्याला आणि शाळेला लागली. समोर सेंट पॅनक्रस चर्चचा उंच मनोरा, कथिलाच्या खाणींच्या पैशातून उभारलेला. २१ ऑक्टोबर १६३८ च्या वादळात, प्रार्थना चालू असताना याच चर्चवर वीज पडली, माणसं दगावली. त्याची पद्यात लिहिलेली हकीकत आत फळ्यांवर आहे.

१७ ऑक्टोबर

घर क चं छप्पर. वटवाघळं गेली, परवानगी मिळाली, तज्ज्ञ बाई सोबत.

आधी संदर्भ लिहून ठेवतो. डेव्हनमध्ये छप्पर शाकारताना जुना थर पूर्ण काढत नाहीत. वरचा कुजका भाग खरवडून नवा थर चढवतात. गव्हाच्या काडाचं छप्पर पंचवीस ते पस्तीस वर्षं टिकतं, मग पुन्हा वर नवा थर. त्यामुळे सगळ्यांत खालचा थर, वाशांना बांधलेला, काही घरांत मध्ययुगातलाच राहिला. धुराडं येण्याआधी, उघड्या चुलीच्या धुरानं काळा झालेला. वनस्पतींचे पुरातत्त्वज्ञ जॉन लेट्स यांनी १९९० च्या दशकात अशा थरांचा अभ्यास केला: राय, वेगवेगळ्या जातींचे मिसळलेले गहू, आणि शेतातलं तण, सगळं काजळीत जपलेलं. त्या काळच्या पिकाचा असा पुरावा युरोपात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

घर क मध्ये हॉलच्या वरती तो थर आहे. दिव्याच्या उजेडात काळा, चकचकीत, काडी न काडी वेगळी दिसणारी. बांधायला पिळलेल्या काडाचे दोर. हात लावला नाही, नमुना घेतला नाही. लाकडंही काळी: वाकड्या ओकच्या जोड्या, दोन तुकडे सांधून एक कमान केलेल्या, बाजूनं खुंट्या ठोकलेल्या. ही इकडची खास सुतारी.

मग खालच्या दिशेनं सरकलो. बोळाच्या वर काजळी. अपेक्षा अशी की बोळ संपून शिपन सुरू झालं की लाकूड स्वच्छ होईल.

तसं झालं नाही. शिपनवरची पहिली कमान काळी. दुसरी काळी. तिसरी, खालच्या भिंतीजवळची, थोडी फिकी पण काळीच, आणि तिच्या वर काडाचा तुकडाही काळा.

याचा अर्थ सरळ आहे. हे घर बांधलं तेव्हा माणसांच्या आणि गुरांच्या भागात छपरापर्यंत पोचणारी भिंत नव्हती. असलाच तर डोक्याएवढा फळ्यांचा आडोसा. चुलीचा धूर गुरांवरूनही जाई. आत्ता बोळ आणि शिपन यांच्यामध्ये जी दगडी भिंत आहे, ती नंतर घातलेली. हॉलची कमान आणि शिपनची कमान एकाच सुताराच्या हातची, एकाच मापाची. शिपन हे घराला जोडलेलं काही नव्हतं. वरचं आणि खालचं टोक मिळून ती एकच खोली होती.

यादीतल्या वर्णनात लिहिलं आहे: “वरच्या बाजूस मध्ययुगीन हॉल, खालच्या टोकास गोठा.” ते वाक्य बदलायला हवं. मध्ययुगीन आहे ते सगळं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

२१ ऑक्टोबर

घर क ला पुन्हा. प्रत्येक कमानीवरच्या काजळीची जागा छेदावर रंगानं भरली. तज्ज्ञ मित्राला फोटो पाठवले, त्यानंही तेच वाचलं. नंतर घातलेल्या भिंतीचा दगड तपासला: लांबट खाचा, म्हणजे १८०० च्या आधीची. भिंतीचा वरचा कडा काजळीच्या पुढे येतो आणि स्वतः स्वच्छ आहे, म्हणजे ती आली तेव्हा उघडी चूल बंद झाली होती.

११ नोव्हेंबर

घर क च्या मालकांचा शिपनमध्ये दोन झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर करण्याचा विचार आहे. अजून अर्ज केलेला नाही, आम्हाला आधी विचारलं ही मोठी गोष्ट. त्यांच्या घरात मुलगी, जावई आणि नातवंडं परत राहायला येत आहेत. खोऱ्यात घर घेणं तरुणांना परवडत नाही. गरज खरी आहे, आणि तिला बाजूला सारून दगडांची काळजी करणं मला जमणार नाही.

संध्याकाळी त्यांच्या टेबलावर नकाशे पसरले. काजळीचा छेद दाखवला. मालक बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसले. मग आम्ही घराच्या वरच्या अंगाची लिनी मोजून पाहिली: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आतली लाकडं आधीच बदललेली, जमीन कोरडी, शिपनपेक्षा क्षेत्रफळ किंचित जास्त. तिथे दोन खोल्या बसतात. पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी थोडी लांबते, खर्च वाढतो. लिनी मूळ घराच्या आवारात येते, म्हणून परवानगी तिलाही लागेलच. संरक्षित घरात परवानगीविना बदल करणं १९९० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं.

शिपनबद्दल मी लेखी दिलं ते असं. जमीन उकरायची नाही, काँक्रीट ओतायचं नाही. चरावर काही बसवायचं झालं तर सुटी लाकडी फळी, उचलता येणारी. भिंतींना गिलावा नाही, फटींना काच नाही. बोळाकडच्या भिंतीच्या दरजांतलं सिमेंट काढून चुना भरायचा, उन्हाळ्यात, दंव पडायच्या कितीतरी आधी. खालच्या भिंतीचं भोक बाहेरून मातीनं बुजलं आहे ते मोकळं करायचं, म्हणजे पाणी आजही त्याच वाटेनं जाईल. वापर: सायकली, जळाऊ लाकूड, मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत चार आजारी मेंढ्या.

मेंढ्यांचं कलम त्यांनी स्वतःहून घालायला सांगितलं.

२ डिसेंबर

घर अ, ब, क चे नकाशे, छेद आणि वर्णनं जमा केली. घर क च्या यादीतल्या वर्णनात दुरुस्तीचा अर्ज, काजळीच्या छेदासह, हिस्टॉरिक इंग्लंडकडे पाठवला. लिनीचा अर्ज मालक जानेवारीत करतील, त्याला जोडायला आमचा अहवाल तयार आहे.

घर ड च्या मालकांचा निरोप आला: पाहणीला हरकत नाही, फक्त खालचं टोक अडगळीनं भरलंय, तिथे पाहण्यासारखं काही नाही. फेब्रुवारीतली तारीख मागून घेतली, आणि अडगळ हलवायला आम्ही चौघं येतो असं कळवलं.